इटालियन येतं, पण तोंड उघडत नाही

ऑगस्टचा पाऊस होता. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला, बऱ्याच जणांनी भेटी पुढे ढकललेल्या. या मायलेकी मात्र कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दहा मिनिटं आधीच हजर होत्या. आईनंच तोंड फोडलं. "मॅडम, ही तिकडं इटलीत परीक्षेला गेली आन् दारातनं माघारी आली. एकदा न्हाई, दोनदा. पाच वर्सं ती भाषा शिकतीया, आता म्हणती मला येतच न्हाई."

(तिच्या परवानगीनं लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगी फ्लॉरेन्सला इटालियन भाषा आणि साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. आईला बाहेर बसवलं, तेव्हा ती म्हणाली, "बी-१पर्यंत, म्हणजे भाषेच्या मधल्या पायरीपर्यंत, मी वर्गात पहिली असायचे. बी-२ पण पुण्यात क्लास लावून वेळेत झालं. आता सी-१ला, म्हणजे वरच्या पायरीला आले, तर दर महिन्याला थोडं थोडं कमीच येतंय असं वाटतं. मला भाषेची गतीच नसेल का?"

हा प्रश्न मला नवा नाही. जर्मन, जपानी शिकणारी कोल्हापूरची मुलंही नेमकं याच पायरीवर येऊन हेच विचारतात. सुरुवातीला रोजची कमाई डोळ्यांना दिसते. आज पाव मागता आला, उद्या तिकीट काढता आलं. वरच्या पायरीवर तीच गोष्ट चार तऱ्हांनी सांगायची असते, आणि कुठली कुठे शोभते ते कळायला हवं असतं. त्यात कान जिभेच्या पुढे धावतो. पूर्वी ती दहा चुका करून खुशाल बोलायची आणि एकही कानाला लागायची नाही. आता तीन करते, आणि तिन्ही ऐकू येतात.

हे तिला पटलं, पण फरक काही पडला नाही. झोप, भूक, नको ते विचार, सगळं विचारून घेतलं. तिथे काळजीसारखं काही नव्हतं. मग मी घसरले. मला वाटलं, घरची ओढ असणार. फ्लॉरेन्स आणि कोल्हापूरचं नातं इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी तिथेच वारले, अवघ्या विशीत. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, तिथे आज छत्री आणि पुतळा आहे. मी मोठ्या हौसेनं तो विषय काढला. ती शांतपणे म्हणाली, "रविवारी जाते की मी तिथे, मॅडम. बरं वाटतं. त्याचा त्रास नाही."

मग त्रास कशाचा? तिसऱ्या भेटीत परीक्षेची रीत नीट समजून घेतली. तिकडच्या विद्यापीठांत बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. प्राध्यापकांसमोर बसून बोलायचं, आणि पाळीची वाट बघणारी बाकीची मुलं मागे बसून ऐकतात. गुण तिसापैकी, अठराला पास. मिळालेले गुण पटले नाहीत तर विद्यार्थ्याला ते नाकारता येतात आणि पुढच्या तारखेला पुन्हा बसता येतं. आपल्याकडच्या पोरांना हे ऐकून हेवाच वाटेल. हिनं मात्र नाकारायची वेळच येऊ दिली नव्हती.

"याआधी कधी गप्प बसलीस?" असं विचारल्यावर चपलांचा किस्सा निघाला. जून 2025मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता झळकल्या आणि इकडे गदारोळ झाला, तेव्हाची गोष्ट. वर्गात कुणीतरी हिलाच विचारलं, तू तिथलीच ना, तुझं काय मत? हिचे मामा चपलांच्या धंद्यातले. कातडं कमवण्यापासून वेणीपर्यंत सगळं पाहिलेलं. म्हणायचं होतं एवढंच, की 'त्यांनी कारागिरांना विचारायला हवं होतं'. क्रियापदाचं रूप सुचेना, म्हणून ही "माहीत नाही" म्हणून मोकळी झाली.

"पुण्यातपण असंच झालेलं," ती पुटपुटली. क्लासमध्ये पहिल्या दिवशी ही "मी आत्ताच आलो" म्हणाली आणि अख्खा वर्ग हसला. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' म्हणतात हे त्यांना कुठलं माहीत असायला! तेव्हापासून ती घरीसुद्धा तोलून मापून 'आले-गेले' करते. माझ्याशीही तसंच बोलत होती. माझ्या मते गाठ इथे होती. तोंड उघडण्याआधी वाक्य तपासून घ्यायची सवय तिथे लागली, आणि सी-१ला तपासायला इतकं असतं की वाक्य बाहेर पडायच्या आत संभाषण पुढे निघून जातं.

मला इटालियनचा गंध नाही. याचा उपयोगच झाला. तिला म्हटलं, तुला सगळ्यात छळणारं व्याकरण मला मराठीत शिकव. तिनं 'कोंजुंतीवो' काढलं. इच्छा, शंका, अंदाज सांगताना क्रियापदाचं वेगळं रूप लागतं. इंग्रजीतून शिकताना ते तिनं तक्ते पाठ करून भरलं होतं, कारण इंग्रजीत ते रूप जवळजवळ दिसतच नाही. मी विचारलं, "म्हणजे 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस'? 'तो घरी असावा' यातलं 'असावा'?" ती थांबली. वहीत 'वेंगा'समोर 'यावं' आणि 'सीआ'समोर 'असावा' लिहिलं. प्रत्येक वाक्याला ही जोडी जमत नाही, हे तिनंच मला उदाहरणं देऊन दाखवलं. पण ते दाखवताना ती वीस मिनिटं न अडखळता बोलत होती.

त्यानंतरच्या भेटींत ती रोज दहा मिनिटं इटालियनमध्ये बोलायची आणि मी फक्त ऐकायची. अट एकच: वाक्य चुकलं तरी मागे फिरायचं नाही. चौथ्या दिवशी बाहेर बसलेल्या आईला आणि माझ्या मदतनीस मावशींना आत बोलावलं. मागे ऐकणारी माणसं हवीत ना! त्या दिवशी तिनं चपलांचं ते वाक्य घेतलं. "आव्रेब्बेरो दोवूतो क्येदेरे." मावशींनी विचारलं, "काय म्हणाली?" तिनं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "बराबर हाय की."

वडिलांचा प्रश्न वेगळा होता: हे शिकून पुढं काय? शिरोली एमआयडीसीत त्यांचं छोटं मशीन शॉप आहे. त्यांना सांगितलं की भाषांतर, शिकवणं, कंपन्यांमधलं काम असे रस्ते आहेत, पण कुठलाही हमखास नाही. आणि तो हिशेब पदवी हातात आल्यावर करा, आत्ता परीक्षेच्या तोंडावर नको. त्यांनी मान डोलावली. पटलं की नाही, कोण जाणे.

सप्टेंबरच्या शेवटी तिचा आवाजी निरोप आला. मागे ट्रामचा खडखडाट.

"मॅडम, चोवीस पडले. दोनदा अडकलो, पण मागं फिरलो न्हाई. नाकारू का म्हणून जरा विचार केला, मग घेऊन टाकले. आता भूक लागलीया, जेवायला जातो."