मणक्याच्या टीबीनंतर पायांत ताकद परत येते का?

आईच्या मणक्याच्या टीबीचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, गोळ्या चालू आहेत, पण पाय उचलत नाहीत, आता ती चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी परळ-लालबाग भागात घरोघरी फिजिओथेरपी करते. दीड महिन्यावरून कुणीही 'नाही' म्हणू नये. तुम्ही तर मुळीच म्हणू नका.

जंतू मरणं वेगळं आणि नसा जाग्या होणं वेगळं. पू, गाठ किंवा झिजलेल्या हाडाचा तुकडा मज्जारज्जू दाबून धरतो. ऑपरेशनने दाब निघाला तरी ताकद यायला आठवडे, कधी कित्येक महिने जातात. दुखणं अलीकडचं असेल आणि दाब पुवाचा असेल, तर आशा जास्त. जुनं कुबड असून नंतर पाय गेले असतील किंवा एमआरआयमध्ये मज्जारज्जूलाच इजा दिसत असेल, तर कमी. आईच्या रिपोर्टमध्ये काय लिहिलंय, ते सर्जनना सरळ विचारा.

पांघरूण ओढताना पाय झटक्याने उडतो आणि घरच्यांना वाटतं, आला जीव! ती ताकद नव्हे, स्नायूंचा ताठरपणा आहे. खरी खूण वेगळी. 'अंगठा वर करा' म्हटल्यावर आईंनी स्वतःच्या इच्छेने तो हलवला पाहिजे, अगदी केसभर का होईना. चाळीतल्या एका काकूंना आधी तळव्याला फरशीचा गारवा कळू लागला, मग अंगठा हलला आणि गुडघा बराच नंतर. लघवीवरचा ताबा पायांबरोबरच येईल, असंही नाही.

तोवर तुमच्या हातात खूप आहे. दर दोन तासांनी कूस बदला, पडून राहिल्याने जखम होत नाहीये ना, हे पाहायला टाचा आणि माकडहाड रोज डोळ्यांनी बघा. बधीर पायाला गरम पाण्याची पिशवी अजिबात लावू नका, भाजलेलं कळतच नाही. पाऊल खाली लोंबकळू देऊ नका, उशीने टेकवून सरळ ठेवा. बसवणं आणि उभं करणं मात्र सर्जननी सांगितल्यावरच. कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट), वॉकर लागलाच तर हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

गोळ्या साधारण १२ महिने असतात, गरज पडली तर १८. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. मुंबईत औषधांना दाद न देणारा टीबी बराच आढळतो, म्हणून ऑपरेशनच्या वेळचा नमुना सीबीनॅट (जंतू औषधाला दाद देतो का, हे लवकर सांगणारी तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) गेला होता का, ते नक्की विचारा. निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नाव नोंदवलं असेल, तर पोषणासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात, तेही घ्या.

आणि आलेली ताकद पुन्हा कमी झाली, बधिरपणा वर चढू लागला किंवा लघवी अडली, तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.