क्विनोआला भात समजू नका

प्रश्न: ताई, नमस्कार. बँकेतून निवृत्त झालोय. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेली आहे, त्यामुळे सध्या स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. मागच्या तपासणीत शुगर काठावर निघाली. ते कळल्याबरोबर मुलीने तिकडून अर्धा किलो क्विनोआ पाठवला. "बाबा, भात बंद, आता हेच खायचं." मी तो भातासारखाच एकदा पाणी फिरवून धुतला, दुप्पट पाणी घातलं आणि कुकरच्या तीन शिट्ट्या काढल्या. झाकण काढलं तर लगदा, आणि तोही कडू. साबण तोंडात गेल्यासारखं झालं. दारातल्या कुत्र्याला घातला, तर त्यानेही हुंगून तोंड फिरवलं. पाकीट खराब निघालं का? आणि एवढा खटाटोप करून शुगरला खरंच फायदा होतो का? — एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: भाऊ, पाकीट चांगलं आहे आणि कुत्राही शहाणा आहे. क्विनोआच्या दाण्यावर सॅपोनिनचा पातळ थर असतो. रिठ्याचा आणि शिकेकाईचा फेस होतो तो याच जातीच्या द्रव्यामुळे, म्हणजे साबण म्हणालात ते अगदी नेमकं म्हणालात. पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात, टिटिकाका तळ्याच्या आसपास, हे पीक हजारो वर्षांपासून घेतात. या कडूपणामुळेच पाखरं त्याच्या फारशी वाटेला जात नाहीत. पाकिटात येणारा बराचसा माल आधीच घासून-धुऊन येतो, पण सगळा सारखा निघत नाही. म्हणून पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, घरी धुवायचाच.

धुवायचा म्हणजे एकदा पाणी फिरवायचं नाही. दाणा बारीक असतो, नेहमीच्या चाळणीतून पळून जातो. चहाची मोठी गाळणी घ्या, नाहीतर पातळ सुती फडकं. गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घेऊन दाणे हाताने चोळा, फेस येईल, तो ओतून द्या. पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. फेस यायचा थांबला की दोन कच्चे दाणे जिभेवर ठेवून पाहा. कडू लागले तर अजून धुवा. ही कच्चा दाणा चाखायची गोष्ट मला कोणत्याच पाकिटावर छापलेली दिसली नाही, पण सगळा खेळ तिथेच ठरतो. शिजल्यावर कडूपणा काढायला कुठलाच मसाला पुरत नाही.

आता लगद्याचं. कुकरच्या तीन शिट्ट्या आपल्या हाताला बसलेल्या आहेत. मी धरमपेठेत विद्यार्थ्यांची मेस चालवायची तेव्हा झोपेतही शिट्ट्या मोजायची. पण क्विनोआ तांदळाच्या कुळातला नाही. तांदूळ, गहू, ज्वारी ही सगळी गवतं. क्विनोआ पालकाच्या आणि राजगिऱ्याच्या घराण्यातला. थंडीत गोकुळपेठेच्या बाजारात चाकवताची जुडी मिळते ना, कुणी तिला बथुआ म्हणतं, तिचा हा सख्खा भाऊ. आपण चाकवताचा पाला खातो, ते लोक भावाचं बी खातात. एवढंसं बी शिजायला कितीसा वेळ लागणार? तीन शिट्ट्यांत त्याचं पीठच होतं.

तेव्हा कुकर वर ठेवून द्या आणि जाड बुडाचा गंज काढा. एक वाटी धुतलेला क्विनोआ चांगला निथळू द्या. गंजात चमचाभर फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल तापवून दाणे मध्यम आचेवर परता. पाणी आटून दाणे सुटे झाले आणि खमंग वास सुटला की पावणेदोन वाट्या कढत पाणी आणि मीठ घाला. दोन वाट्याही चालतं, पण पहिल्यांदा करताना पावणेदोनच घ्या. कमी पडलं तर वरून शिंपडता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. उकळी आली की आच अगदी बारीक करा, झाकण ठेवा आणि ढवळायला जाऊ नका. बारा ते पंधरा मिनिटांनी पाहा. दाणा पारदर्शक झालेला असतो आणि त्याच्या कडेने पांढरा बारीक दोरा सुटून वळलेला दिसतो. तो त्याचा कोंब. नव्याने करणारे घाबरतात, त्यांना अळी वाटते! तो दोरा दिसला म्हणजे क्विनोआ शिजला. गॅस बंद करा, गंजाच्या तोंडावर कोरडं फडकं टाकून वर झाकण दाबा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग काट्याने मोकळा करा. एका वाटीचा जवळजवळ तीन वाट्या होतो, म्हणून एकट्यासाठी अर्धी वाटी भरपूर झाली. लाल किंवा काळा क्विनोआ आणलात तर चार-पाच मिनिटं जास्त द्या. तो शिजूनही थोडा कडक राहतो. पहिल्यांदा करणाऱ्याने पांढराच घ्यावा.

आता खायचा कशाशी? इथे मी मुलीपेक्षा वेगळं सांगणार. ताटात भाताची मूद पडते तिथे हा ठेवू नका. वरण घातलं की भात ते पिऊन घेतो. क्विनोआ पीत नाही, वरण खाली पळतं आणि दाणे वर कोरडे राहतात. दोन दिवसांत वैताग येईल आणि दोष क्विनोआला लागेल. त्याला अशा पदार्थात घाला जिथे दाणा सुटा राहायलाच हवा.

सध्या थंडी आहे, बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा आहेत. वाटीभर सोले काढा. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण आणि उभा चिरलेला कांदा घाला. कांदा गुलाबी झाला की सोले, हळद आणि थोडं भिवापुरी मिरचीचं तिखट घालून झाकण ठेवा. सोले मऊ झाले की शिजलेला क्विनोआ, चमचाभर काळा मसाला, वरून सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू. सोलेभाताची भूक भागते. सोल्यांचा हंगाम गेला की मटर घाला, पण मग काळा मसाला अर्धाच, मटर गोड असतात.

दुसरा प्रकार गार. गार झालेला क्विनोआ, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, बारीक कांदा, एखादी हिरवी मिरची, सांबार, भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट, मीठ आणि लिंबू. फोडींचा पांढरा पापुद्रा आणि बिया काढाच, नाहीतर पुन्हा कडू लागलं म्हणून मला पत्र लिहाल. आंबिया बहाराची संत्री आता बाजारात आहेतच, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची येतील तेव्हा हे पुन्हा करून पाहा. मला तीच जास्त गोड वाटतात. क्विनोआत लोह असतं आणि आंबट फळातल्या क जीवनसत्त्वामुळे ते अंगी लागायला मदत होते, हा वरचा फायदा.

शुगरचं सरळ सांगते. शिजलेल्या 100 ग्रॅम पांढऱ्या भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदकं असतात, तेवढ्याच शिजलेल्या क्विनोआत 21 च्या आसपास. क्विनोआत चोथा आणि प्रथिनंही जास्त, त्यामुळे साखर भातापेक्षा सावकाश चढते. फायदा आहे, पण चमत्कार नाही. एक वाटी भात सोडून दोन वाट्या क्विनोआ खाल्लात तर हिशेब उलटा होतो. 'पौष्टिक आहे' म्हणून माणूस दुसऱ्यांदा वाढून घेतो, हे मी मेसच्या ताटांत रोज पाहिलंय. वाटी ठरवून घ्या, सोबत भाजी आणि दही असू द्या, आणि गोळ्या सुरू झाल्या तर आहार बदलताना डॉक्टरांच्या कानावर घाला. आणखी एक. मुतखड्याचा त्रास असेल आणि पालक वर्ज्य सांगितला असेल तर क्विनोआही विचारूनच खा, दोघांतही मुतखड्याला कारण होणारं ऑक्सलेट असतं.

प्रश्न: काकू, उपवासाला क्विनोआ चालतो का? मी म्हणते तो राजगिऱ्यासारखा आहे, सासूबाई म्हणतात परदेशी वस्तू उपवासाच्या ताटात नको. — एक सूनबाई, सक्करदरा

उत्तर: सूनबाई, राजगिऱ्याच्या घराण्यातला आहे हे तुझं बरोबर. पण परदेशी म्हणून नको म्हटलं तर ताटात काय उरेल ते पाहा. आलू त्याच पेरू-बोलिव्हियाकडचा, फल्लीदाणे दक्षिण अमेरिकेतले, रताळं अमेरिकेतलं, मिरची तिकडचीच, आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावाही तिकडचाच. साबुदाण्याच्या खिचडीत तेवढं तूप आपलं! उलट वर्षानुवर्षं आपण खातो ती भगर गवताचंच धान्य आहे, तरी ती चालते. म्हणजे हे शास्त्राने नाही, घरच्या रीतीने ठरतं, आणि घरात रीत सासूबाईंची आहे. एकादशीला वाद नको. एखाद्या साध्या दिवशी भगरीसारखी जिरं-मिरची-दाण्याचं कूट घालून क्विनोआची खिचडी कर आणि त्यांना वाढ. आवडली तर पुढच्या चतुर्थीला त्याच विचारतील.

प्रश्न: ताई, क्विनोआचा गोळाभात होईल का? आणि त्याच्या पिठाची भाकरी? किलोचा भाव ऐकून तर डोळे फिरले. एवढे पैसे घालण्यासारखं त्यात आहे तरी काय? — एक गृहिणी, मनीषनगर

उत्तर: गोळाभात नाही. बेसनाचा गोळा हाताने फोडायचा, मऊ भातात कालवायचा आणि वरून कडकडीत तेलाची फोडणी. त्यासाठी दाणे एकमेकांना धरणारे हवेत. आपल्याकडे एचएमटी तांदूळ आहे, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात लोंब्या निवडून निवडून तयार केलेला. असा तांदूळ हाताशी असताना गोळाभातात क्विनोआ? नको बाप्पा. तर्रीपोह्यांचंही तेच. पोहे तर्री पिऊन फुगतात, क्विनोआवर घातली तर ती चमच्याने वेगळी प्यावी लागते.

भाकरी होईल, पण एकट्या क्विनोआची नको. पीठ चिकट धरत नाही, थापताना कडा फुटतात आणि चवही उग्र लागते. तीन वाट्या ज्वारीच्या पिठात एक वाटी क्विनोआचं पीठ, कढत पाण्यात मळून. पीठ घरी दळायचं असेल तर दाणे आधी धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. इथल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घेऊ. न धुता दळलात तर कडूपणा पिठात कायमचा बसला.

आता भाव. 100 ग्रॅम कच्च्या क्विनोआत 13-14 ग्रॅम प्रथिनं असतात, ज्वारीत 10 च्या आसपास, तांदळात 7-8. शिवाय गव्हा-तांदळात कमी पडणारं लायसिन, म्हणजे प्रथिनांतला एक गरजेचा घटक, क्विनोआत चांगलं असतं. इथपर्यंत जाहिरात खरी आहे. पण आपण धान्य एकटं खात कुठे? भाकरीबरोबर वाटीभर तुरीचं वरण किंवा बेसन घेतलं की लायसिनची उणीव डाळीने भरून निघते, आणि तेही कितीतरी कमी पैशांत. 2013 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी क्विनोआचं म्हणून साजरं केलं, 2023 भरड धान्यांचं, म्हणजे आपल्या ज्वारी-बाजरीचं. माझ्या घरात ज्वारी रोजची आणि क्विनोआ आठवड्यातून एखाद्या वेळी, बदल म्हणून. ज्यांना गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही त्यांना आणखी एक पर्याय मिळाला, हे मात्र खरं. त्यांनीही पाकीट पाहून घ्यावं, गव्हाच्या गिरणीत भरलेलं नको. राजस्थानातही आता क्विनोआ पिकवतात, तेव्हा घेताना बाहेरून आलेलाच हवा असा हट्ट धरू नका.

प्रश्न: उरलेला क्विनोआ किती दिवस टिकतो? — एक विद्यार्थिनी, वसतिगृह, अंबाझरी मार्ग

उत्तर: शिजवलेला असेल तर गार करून लगेच डब्यात, फ्रिजमध्ये तीन दिवस. मे महिन्यात सकाळी केलेला दुपारपर्यंत ओट्यावर ठेवू नकोस, फसफसतो. कच्च्या दाण्यात तेलाचा अंश 6 टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे 45 अंशांच्या उन्हाळ्यात तोही खवट होतो. वसतिगृहात फ्रिज नसेल तर अर्धा किलो आणू नकोस, पाव किलोचं पाकीट घे आणि महिन्याभरात संपव. विजेच्या भात-कुकरात होतो का असंही मनात असेल, तर होतो. एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी, आणि बटण वर आलं तरी दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही.