टेक्सासमध्ये घरच्या बर्गलर अलार्मची शहराकडे नोंदणी करावी लागते का? खोट्या अलार्मला दंड किती?

बहुतेक मोठ्या शहरांत हो. अलार्म कंपनीशी करार केला म्हणजे नोंदणी झाली, असं धरून चालू नका. परमिट घरमालकाच्या नावावर लागतं. राज्याच्या कायद्याने घरगुती परमिटची फी वर्षाला 50 डॉलरच्या वर नेता येत नाही, आणि आधीच्या 12 महिन्यांत 3 खोटे अलार्म होईपर्यंत दंडही नाही. चौथ्यापासून जास्तीत जास्त 50 डॉलर, पुढे 75, मग 100. पोलीस 30 मिनिटांत पोचलेच नाहीत, तर तो अलार्म खोटा म्हणून मोजता येत नाही. पत्र आलं की ही वेळ आधी तपासा, लोक डोळे मिटून पैसे भरतात.

आमचे दोन्ही खोटे अलार्म घरच्यांनीच वाजवलेले. सासूबाई पुण्याहून आल्या आणि पहाटे साडेपाचला तुळशीला पाणी घालायला मागचं दार उघडलं. कंपनीचा फोन आला तो माझ्या सायलेंटवर. दुसऱ्यांदा दिवाळीत: एसीच्या झोताखाली टांगलेला आकाशकंदील मोशन सेन्सरसमोर डोलत होता, आम्ही देवळात.

तेव्हा कंपनीकडे दोन वेगळे नंबर द्या, म्हणजे पोलिसांना कळवण्याआधी दोघांना फोन जातो. पाहुण्यांना वेगळा कोड द्या, फोनवर विचारतात तो पासवर्डही मराठीतून समजावून ठेवा. बॅटरी बदलताना आधी सिस्टीम टेस्ट मोडवर टाकायला सांगा.