घरासाठी टचस्क्रीनचा ऑल-इन-वन कॉम्प्युटर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की सेलूला दोन खोल्यांचं घर आहे, मुलगी अकरावीत असून सीईटीची तयारी करतेय, वडील सत्तरीचे आहेत आणि तुम्ही स्वतः अधूनमधून ऑफिसचं काम घरी आणता. परभणीच्या दुकानात २४ इंची ऑल-इन-वन, म्हणजे पडद्याच्या पाठीतच सगळा कॉम्प्युटर बसवलेला, पाहिलात, एक साधा आणि एक टचचा. दोन्हींत दहा-बारा हजारांचा फरक. दुकानदार म्हणतो, घेताय तर टचचाच घ्या.

मी अंबाजोगाईला राहते. २०२० च्या दिवाळीत आम्ही अगदी असाच टचचा ऑल-इन-वन घेतला आणि त्याच्यासमोर मी रोज चार-पाच तास बसते, तीन दुकानांचे हिशोब बघते. तेव्हा उत्तर अनुभवातलंच देते, थोडं लांबेल.

आधी टचचं सांगते, कारण दुकानात माणूस भुलतो तो तिथेच. दुकानात आपण उभे असतो. पडदा काउंटरवर, छातीच्या उंचीला, अगदी हाताशी. बोट लावलं की फोटो सरकतो, चिमटीने मोठा होतो, लेकरं टाळ्या पिटतात. घरी आणल्यावर मात्र आपण खुर्चीवर बसतो आणि पडदा कीबोर्डच्या पलीकडे जातो. मग दर वेळी हात खांद्यापासून उचलून पुढे न्यायचा. दहा मिनिटांत दंड भरून येतो. कॉम्प्युटरवाल्यांनी या दुखण्याला फार पूर्वीच ‘गोरिला आर्म’ असं नाव ठेवलंय, म्हणजे मला एकटीलाच झालं असं नाही.

टच ही काही नवलाई पण नाही. एचपीने १९८३ सालीच एचपी-१५० नावाचा टचचा कॉम्प्युटर काढला होता. पडद्याच्या चौकटीला बारीक भोकं, त्यांतून इन्फ्रारेड किरण, बोटाने किरण अडला की जागा कळायची. त्या भोकांत म्हणे धूळ बसायची. आपल्याकडच्या मे महिन्यात तो आठवडाभरही टिकला नसता. पुढे २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने पडदा बोटांसाठी मांडला आणि स्टार्टचं बटणच काढून टाकलं. लोक इतके वैतागले की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते बटण परत आणावं लागलं. टेबलावर बसून काम करणाऱ्याच्या हातून माउस काही सुटत नाही.

माझं काम तर टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर. टॅली ज्यांना माहीत आहे ते हसतील, कारण तिथे माउससुद्धा लागत नाही. एफ-५ दाबलं की पेमेंट, एफ-८ दाबलं की सेल्स, सगळा खेळ कीबोर्डचा. टचचे जास्तीचे पैसे मी कशासाठी मोजले, हा प्रश्न आमच्या ह्यांनी पहिल्याच महिन्यात विचारला होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पण टच वापरला गेला. ज्यांच्यासाठी घेतला नव्हता त्यांनी वापरला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. आयुष्यात माउस धरलेला नव्हता. डबल क्लिक त्यांना कधी जमलंच नाही, दोन टिचक्यांच्या मध्ये हात हलायचा. पण कॉम्प्युटर ओसरीच्या खिडकीत होता तेव्हा त्या जाता-येता उभ्या उभ्याच बोट लावायच्या आणि हरिपाठ सुरू. पुण्याच्या नातवाचा फोन आला की हिरव्या खुणेवर बोट. महिनाभरात माझ्यापेक्षा त्याच जास्त टच करत होत्या. नंतर मी तो आतल्या खोलीत टेबलावर नेला आणि त्यांचं वापरणं थांबलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: टच उभ्याने वापरायची गोष्ट आहे, बसून वापरायची नाही. स्वयंपाकघराचा ओटा, ओसरी, दुकानाचा गल्ला, अशा ठिकाणी येता-जाता एकदोन टिचक्या मारायच्या असतील तर टचसारखं सुख नाही. टेबल-खुर्चीवर मात्र त्याचे पैसे वाया.

टचची काच चकचकीत असते हेही दुकानात लक्षात येत नाही, तिथे दिवे वरून असतात. घरी समोर दार असलं की दुपारी पडद्यात अंगण दिसतं आणि एक्सेलचा तक्ता दिसत नाही. साध्या पडद्यावर बहुतेक वेळा चमक नसलेला थर असतो, डोळ्यांना तोच बरा. कणकेच्या हातांचे ठसे पुसणं हे आणखी एक काम. शिवाय स्वस्तातल्या स्टँडचा पडदा मागे-पुढे कलतो पण वर-खाली होत नाही. आम्ही त्याच्याखाली जेवायचा पाट ठेवलाय.

आता काच फुटण्याचं. दोन वर्षांपूर्वी लेकाच्या बॅटची मूठ लागून डाव्या कोपऱ्यात तडा गेला, बोटभर. साधा मॉनिटर असता तर दुर्लक्ष केलं असतं. पण टचची काच आणि मागचा डिस्प्ले बऱ्याच मॉडेलांत एकत्र चिकटवलेले असतात, बदलायचे तर दोन्ही एकदम. खर्च ऐकून आम्ही गप घरी आलो. मग त्या तड्यापाशी भुताटकी सुरू झाली. कुणी हात न लावता आपोआप क्लिक व्हायचं, टॅलीची खिडकी मिटायची, एकदा तर अर्धवट लिहिलेला मेल निघून गेला. शेवटी एका पोराने डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेसच्या यादीत टच स्क्रीन शोधून बंद केला आणि भूत गेलं. म्हणजे आज माझ्या घरी टचचा कॉम्प्युटर आहे आणि त्याचा टच बंद आहे. आत्याबाई आठवडाभर विचारत होत्या, “कामून बंद केलं गं माय?”

टचचं इथेच सोडते. खरं जपायचं आहे ते विजेचं, आणि ते कुठल्याच जाहिरातीत नसतं.

ऑल-इन-वन आतून बहुतेक लॅपटॉपच असतो. लॅपटॉपच्या जातीचा कमी वीज खाणारा प्रोसेसर, लॅपटॉपचीच छोटी रॅम, बाहेर अडॅप्टर. फक्त लॅपटॉपची एक गोष्ट त्यात नसते, बॅटरी. लाइट गेली की तो त्याच क्षणी बंद. आपल्याकडे लाइट कशी जाते हे तुम्हाला सांगायला नको. वळवाचं वारं सुटलं की गेली, शेतीपंपांचा लोड आला की गेली. आणि नुसती जात नाही, परत येताना काय घेऊन येईल सांगता येत नाही. आमच्या गल्लीत २०२२ च्या मे महिन्यात डीपीवर न्यूट्रल (विजेची परतीची तार) सुटला. न्यूट्रल सुटला की घरातल्या २३० व्होल्टचे तीनशेच्या वरही होऊ शकतात. दोन घरांचे टीव्ही, एकाचा फ्रिज आणि माझा अडॅप्टर एकाच मिनिटात गेले. अडॅप्टरवर २४० व्होल्टपर्यंतच चालतो असं स्पष्ट छापलेलं होतं, त्याचा काय दोष? साध्या डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय जळाला असता तर इथल्याच दुकानात त्याच दिवशी दुसरा बसला असता. याचा अडॅप्टर लातूरहून मागवावा लागला, आठ दिवस गेले, तेही जीएसटी रिटर्नच्या तारखेच्या तोंडावर.

तेव्हापासून मी ६०० व्हीएचा यूपीएस लावलाय, म्हणजे लाइट गेली की थोडा वेळ बॅटरीवर वीज देणारा डबा. ऑल-इन-वन वीज कमी खातो, माझा अडॅप्टर ९० वॅटचा आहे, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं सहज मिळतात आणि काम सेव्ह करून नीट बंद करता येतं. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च धरूनच चला. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा, म्हणजे लाइनीसारखीच सुरळीत वीज देणारा, आहे का बघा आणि त्यावर यूपीएस मोडची कळ असेल तर त्या मोडवर ठेवा. साध्या मोडवर वीज बदलताना जो क्षणभर खंड पडतो तेवढ्यात पंख्याला काही होत नाही, कॉम्प्युटर मात्र बंद पडून परत सुरू होतो. अर्थिंगही तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या पिनेमागे काहीच नसतं.

उन्हाळ्याचंही ध्यानात ठेवा. परभणीकडे पारा ४३-४४ ला जातो. या यंत्राचा सगळा जीव पडद्याच्या पाठीमागे दाटीवाटीने बसवलेला, गरम हवा तिथूनच बाहेर पडते. भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. आणि कूलरच्या समोर तर ठेवूच नका. आम्ही पहिल्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरला गार वाटावं म्हणून ठेवला होता. दमट हवा आणि बारीक तुषार थेट त्याच्या पाठीत.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल ही बाई नुसती तक्रारच करतेय. तसं नाही. दोन खोल्यांच्या घरात ऑल-इन-वन शोभतो आणि मावतो, हे खरंच आहे. वायर एकच. खाली सीपीयूचा डबा नाही, त्यामुळे झाडू नीट फिरतो. आमच्या जुन्या सीपीयूत एकदा पाल जाऊन बसली होती, ती कशी निघाली ते सांगत नाही. पडदा मोठा असल्याने मान खाली घालावी लागत नाही, लॅपटॉपवर तासन् तास बसणाऱ्याला हा फरक कळतो.

घ्यायचाच ठरला तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. एक, रॅम नंतर वाढवता येते का, की बोर्डवरच डकवलेली आहे? ८ जीबी आज कशीबशी पुरते, १६ असेल तर बरं. दोन, आत एसएसडी, म्हणजे काही फिरत नसलेली वेगवान डिस्क, आहे का? जुन्या मालात अजून १ टीबीची फिरती हार्ड डिस्क सापडते, ती आकड्याने मोठी आणि चालायला बैलगाडी. असा जुना माल स्वस्तात मिळाला तरी प्रोसेसर बघा: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. ऑल-इन-वनमध्ये बोर्ड बदलून काम भागत नाही. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही: एचडीएमआय ‘इन’, म्हणजे दुसऱ्या यंत्राचं चित्र या पडद्यावर घ्यायची जागा, आहे का? ‘आऊट’ बऱ्याच जणांत असतं. ‘इन’ असेल तर उद्या आतला कॉम्प्युटर मेला तरी पडदा मॉनिटर म्हणून वापरता येतो. नसेल तर चांगला पडदाही त्याच्यासोबत भंगारात.

मुलीसाठी म्हणाल तर टचचा उपयोग शून्य. सीईटी कॉम्प्युटरवर होते ती माउसने. जेईई मेनमध्ये तर आकड्यांतली उत्तरंसुद्धा पडद्यावरच्या कीपॅडवर माउसनेच टिपावी लागतात. हात माउसवर बसू द्या. आकृत्या काढायच्या असतील तर उभ्या पडद्यावर बोटाने काढण्यात अर्थ नाही, तीन-चार हजारांत पेन टॅबलेट येतो, तो टेबलावर आडवा ठेवून लिहिता येतं.

वडिलांसाठी टच हवाच असेल, तर टचचे ते दहा-बारा हजार वेगळे काढून त्यात दहा इंची टॅब घ्या. आत्याबाईंना आम्ही तोच घेऊन दिला. मांडीवर मावतो, लाइट गेली तरी हरिपाठ थांबत नाही आणि कॉम्प्युटरवर मुलगी बसली म्हणून आजोबांना वाट बघावी लागत नाही.

तुमच्या जागी मी असते तर साधा, बिनटचचा लॅपटॉप घेतला असता आणि टेबलावर त्याला २४ इंची मॉनिटर जोडला असता. पडदा मोठाच मिळतो, लाइट गेली तर लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो, आणि पुढेमागे मुलगी शिकायला संभाजीनगरला किंवा पुण्याला गेली तर लॅपटॉप तिच्यासोबत जाईल, ऑल-इन-वन काही बसमध्ये मांडीवर घेऊन जाता येत नाही. मात्र घरी चांगला इन्व्हर्टर असेल आणि मुलगी घरूनच शिकणार असेल, तर बिनटचचा ऑल-इन-वन घ्यायला माझी ना नाही. इन्व्हर्टरचं तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. आहे का, आणि कितीचा आहे?