विस्मरणात गेलेल्या चित्रकाराला संग्रहालयाने शोधून काढलं, तर त्याचा उपयोग कुणाला?

तुमचा प्रश्न असा: युद्धाने होरपळलेल्या माणसांची चित्रं काढणारा, पुढे कुणाच्या लक्षात न राहिलेला चित्रकार इतक्या वर्षांनी संग्रहालयाने उजेडात आणला तर त्याला स्वतःला काय मिळणार? आणि आपल्याकडे असं कोणी आहे का?

आहेत. चित्तप्रसाद भट्टाचार्य. जन्म बंगालमधला, पण १९४६ पासून बरीच वर्षं ते आपल्या अंधेरीत राहिले. मी अंधेरीतच चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमीजिएटची मुलं तयार करते, आणि कितीतरी वर्षं मला हे नाव ठाऊक नव्हतं. मी जिथे शिकले तिथे ते कुणी उच्चारलंच नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

१९४३ साली महायुद्ध चालू होतं. बर्मा जपानने घेतल्यामुळे तिथला तांदूळ बंद झालेला. जपानी येतील या भीतीने इंग्रजांनी बंगालच्या किनाऱ्यालगतच्या होड्याही काढून घेतलेल्या. भाव भडकले. भूक आणि पाठोपाठ आलेली रोगराई यांत सुमारे ३० लाख माणसं गेली. कम्युनिस्ट पक्षाने चित्तप्रसादना मेदिनीपूर जिल्ह्यात पाठवलं. ते पायी गावोगाव फिरले आणि काळ्या शाईत माणसं काढत गेले. त्या रेखाटनांचं ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक सरकारने जप्त करून जाळलं. घरच्यांनी बँकेत जपलेली एक प्रत तेवढी वाचली. तिच्यावरून २०११ साली दिल्लीच्या एका कलादालनाने ते हुबेहूब पुन्हा छापलं.

मी ते पाहिलं तेव्हा बरगड्यांकडे, खोल गेलेल्या डोळ्यांकडे बघवेना. पण मी थांबले ती मजकुरापाशी. अमुक माणूस, अमुक गाव, घरातलं कोण कोण गेलं, हे त्यांनी विचारून लिहून ठेवलंय. सरकारी हिशेबात ही माणसं आकडा होती, या कागदावर त्यांना नाव आहे. म्हणून मला वाटतं, उपयोग चित्रकाराला नसेल, तो या माणसांना आहे. संग्रहालयाने चित्र भिंतीवर लावलं आणि नावं गाळली, तर अर्धं काम झालं.

जर्मनीत ओस्नाब्रुक शहराने फेलिक्स नुसबाउमसाठी १९९८ साली अख्खं संग्रहालय उभारलं. ज्यू असल्यामुळे तो ब्रसेल्समध्ये लपून चित्रं काढायचा. १९४४ साली आउशवित्झच्या छळछावणीत त्याला मारण्यात आलं. गावाने आपला माणूस निदान चित्रांतून घरी आणला. अंधेरीने काय केलं?

खरं काम मात्र कागद टिकवण्याचं असतं. चित्तप्रसादांची रेखाटनं वर्तमानपत्रातही छापून यायची. त्याचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या आम्लाने तो पिवळा पडून तुकडे होतात. वर मुंबईचा पावसाळा आणि बुरशी. संग्रहालयं आम्ल काढतात, आम्लमुक्त पुठ्ठ्यात ठेवतात, प्रकाश मंद, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास राखतात.

ही रेखाटनं छापणारं कम्युनिस्ट पक्षाचं ‘पीपल्स वॉर’ हे साप्ताहिक मुंबईतूनच निघायचं. तेव्हा गिरणगावातल्या कुणाच्या माळ्यावर त्याचे अंक अजून असू शकतात. तुमच्याकडे असले तर रद्दीत घालू नका. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कोरड्या जागी सपाट ठेवा आणि एखाद्या संग्रहालयाच्या कागद-संवर्धन विभागाला दाखवा.