आधी डिटेक्टिव्ह, मग मालिकालेखक?

'द वायर' या अमेरिकी गुन्हेगारी मालिकेचे लेखक-निर्माते एड बर्न्स आधी पोलीस डिटेक्टिव्ह होते, हे वाचल्यापासून तुझं ठरलंय: पाच वर्षं पोलिसात काढायची, खरे किस्से जमवायचे आणि मग टीव्हीसाठी लिहायचं. वडिलांना हे खूळ वाटतं. कोणाचं बरोबर, असं तू पत्रात विचारलं आहेस.

हे खूळ नाही. पण तुझा हिशेब मला पटत नाही. बर्न्स यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या पोलिसात वीस वर्षं काढली. खुनांचे तपास केले, अमली पदार्थांच्या टोळ्यांचे फोन चोरून ऐकत महिनोन्‌महिने चालणारे तपास केले. निवृत्तीनंतर ते सरकारी शाळेत शिकवायला गेले. 2002 मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. आणि शाळेवर बेतलेला तिचा चौथा सीझन उभा राहिला तो त्या शिक्षकी अनुभवावर, पोलिसी किश्शांवर नव्हे.

पोलिसाची नोकरी तुला नोकरी म्हणूनच हवी असेल तर जरूर कर. किस्से जमवायला मात्र जाऊ नकोस. ज्यांच्या घरातला माणूस मारला गेलाय, ते तुझ्यासमोर बसून बोलणार आहेत. त्यांना तुझं पूर्ण लक्ष हवं असतं.

डिटेक्टिव्हकडून लेखकाने घ्यावी अशी गोष्ट माझ्या मते एकच, 'कशावरून?' हा प्रश्न. साक्षीदार म्हणतो, "तो घाबरला होता." कशावरून? "कुलूप उघडताना किल्ली दोनदा हातातून पडली." ती किल्ली म्हणजे तुझा प्रसंग. हे शिकायला वर्दी लागत नाही. न्यायालयात खुली सुनावणी असेल तेव्हा मागच्या बाकावर बस, उलटतपासणी ऐक आणि घरी येऊन आठवेल तसे संवाद लिहून काढ.

निर्माता होण्याची चिंता आत्ता नको. अमेरिकी मालिकांमध्ये अनेकदा लेखकच बढती मिळत निर्माता होतो. न्यूयॉर्कचे डिटेक्टिव्ह बिल क्लार्क 'एनवायपीडी ब्लू' या पोलीस मालिकेत सल्लागार म्हणून आले आणि कार्यकारी निर्माते झाले. पण सल्लागाराला बोलावतात ते त्याच्या कामातल्या मुरलेपणासाठी, आणि पाच वर्षांत कोणी एवढा मुरत नाही.

तेव्हा लेखनाचं शिक्षण आत्ताच सुरू कर. महिनाभरात चार प्रसंग लिही, प्रत्येकी दोन पानांचे. ते आधी वडिलांना वाचून दाखव, मग मला पाठव.