रात्रपाळीच्या मुलाला पत्र

बांदिवडे, फोंडा

चिरंजीव बाबास,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. चौदा कलमं! पहाटे पाचला उठणे, कोमट पाणी, बारा सूर्यनमस्कार, वीस मिनिटं ध्यान, मोड आलेले मूग, दहा हजार पावलं, डायरी, रात्री दहाला फोन बंद. अक्षर सुरेख आहे, लाल शाईने रेघाही मारल्यास. पण दर तिसऱ्या आठवड्याला तुझी रात्रपाळी असते आणि तेव्हा पहाटे पाचला तू वेर्ण्याला मशीनसमोर उभा असतोस, हे या तक्त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. हा तक्ता दुसऱ्याच कुणाचा आहे रे. तू तो उतरवून काढलास.

हसण्यावारी नेत नाही मी. उपाशीपोटी साखर ११२ आली म्हणून तू घाबरलास. पंचविशीत घाबरलास हे बरं झालं, मी एक्केचाळिसाव्या वर्षी घाबरलो. १२६ पासून पुढे मधुमेह धरतात, तू अजून अलीकडच्या काठावर आहेस. एचबीएवनसी नावाची तपासणी करून घे, तिच्यात गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. आणि तो कागद डॉक्टरांना दाखव, मला फोटो काढून पाठवू नकोस. मी एकोणतीस वर्षं एका कारखान्यात तीन पाळ्या केलेला माणूस, त्या पाळ्यांपुरतंच मला कळतं.

त्यातली एक सकाळ सांगतो. रात्रपाळी संपवून स्कूटरने घरी येत होतो. बोरीचा पूल ओलांडल्याचं आठवतं. त्यानंतर आठवतं ते थेट गटार. स्कूटर पायावर, इंजीन चालूच, आणि वर रस्त्यावर एक भाजीवाली डोक्यावरची पाटी सावरत विचारतेय, ‘न्हिदलो काय कितें?’ झोपलोच होतो. हाड मोडलं नाही ही देवाची कृपा. त्याच वर्षीच्या तपासणीत साखर निघाली. मग मी तेच केलं जे सगळे करतात, संकल्प. पाडव्याला एक केला, चतुर्थीला दुसरा. चालायचे बूट आणले, पांढरेशुभ्र. ते पुढे माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं टांगायच्या मांडवीच्या, काठ्यांबरोबर माळ्यावर जाऊन बसले.

टिकलं ते भलतंच. आमच्या वाड्यावरचा रस्ता पाण्याच्या नळासाठी खणला होता आणि पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल आत येईना. तो नागेशीच्या तळीपाशी थांबून भोंगा वाजवायचा. पाव हवा तर तिथवर जाणं आलं. रोज सकाळी पायजम्यावरच जायचो, हातात कापडी पिशवी. पोदेर टोपलीवरचं निळं प्लास्टिक उचलायचा आणि वाफेबरोबर पोईचा, त्या कोंड्याच्या पावाचा, वास यायचा. चार पोई, दोन उंडे, म्हणजे गोल पाव. तळीच्या पायरीवर दोन मिनिटं टेकायचं, परत. महिना-दीड महिना असं चाललं. मग रस्ता बुजवला (होय, आमच्याकडेही कधीमधी बुजवतात) आणि पोदेर पुन्हा दारात यायला लागला. पण मला दारात पाव घ्यायला बरं वाटेना. पाय आपोआप तळीकडे वळत. आज सतरा वर्षं झाली.

यात माझा निग्रह कुठे होता, सांग बघू. पाव घरी लागतोच, भोंगा वाजतोच. चालणं त्या भोंग्याला अडकवलं गेलं, आणि तेही माझ्या नकळत. शर्ट जसा खुंटीला लावतो तसं. तुझ्या तक्त्यात चौदा शर्ट आहेत आणि भिंतीला खुंटी एकही नाही.

हे माझंच तत्त्वज्ञान समजू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ लोकांवर असा एक अभ्यास केला, २०१० साली तो छापून आला. प्रत्येकाने एकच छोटी गोष्ट निवडायची आणि ती रोजच्या ठरलेल्या एका कृतीला जोडायची, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ, असं काहीतरी. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण सरासरीत फसू नकोस. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला. तू म्हणतोस ते ‘एकवीस दिवसांचं आव्हान’ कुणी काढलं देव जाणे. त्याच अभ्यासात दिसलं की मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. एक दिवस चुकला की तू सगळा तक्ता फाडणार.

आता तुझी अडचण. पाळी बदलली की घड्याळाच्या सगळ्या खुंट्या निखळतात. म्हणून वेळ धरू नकोस, कृती धर. सकाळ असो, दुपार असो, मध्यरात्र असो, कंपनीची बस तुला फाट्यावर उतरवतेच. तिथून घर पाऊण किलोमीटर. आणि तू काय करतोस? बसमधून आईला फोन करतोस, ती बिचारी स्कूटर घेऊन येते. ते आजपासून बंद. फाट्यावरून चालत घरी. चालण्याचं एवढं एकच कलम मी तुझ्या तक्त्यातून ठेवलंय, बाकी तेरा खोडली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं झपाझप चालणं किंवा तशीच मेहनत सांगते. तुझा फाटा त्यातली निम्मी तरी भरून काढणार नाही, पण सुरुवात तिथूनच होईल. दुसरी खुंटी जेवणाची. शतपावली हा शब्द आपल्या आज्यांनी उगाच ठेवला नाही, जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातल्या साखरेची उसळी कमी होते. शंभर पावलं मात्र जेमतेम मिनिटभरात संपतात, तू दहा मिनिटं धर. अंगणात, गच्चीवर, कारखान्याच्या शेडमागे, कुठेही.

झोपेवर थोडं जास्त लिहितो, कारण आमच्या वेळी यावर कुणी अक्षर बोललं नाही. रात्रपाळी करून सकाळच्या उन्हात घरी आलास की डोळ्यांत गेलेला तो उजेड मेंदूला सांगतो, दिवस उजाडला, जागा राहा. म्हणून बसमध्ये काळा चष्मा लाव. पोरं हसतील, हसू देत. खोलीच्या खिडकीला जाड पडदा लाव, पडदा नसेल तर आईचं जुनं गोधडं खिळ्यांवर टांग. चहातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं, तेव्हा पाळीतला शेवटचा चहा रात्री दोनला. चारच्या चहाचा मोह मला माहीत आहे, कँटीनवाला आलं घालतो त्यात. तरी दोनलाच. आणि शेजारीपाजारी, मावश्या, सगळ्यांना एकदा सांगून टाक की रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी दोनपर्यंत फोन नको. फोंड्यातली अर्धीअधिक दुकानं दुपारी एकला शटर ओढून घरी जातात, त्यांना झोप मिळते. तू तर रात्रभर उभा होतास. बाहेरची माणसं याला सुशेगाद म्हणून नाकं मुरडतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत एवढाच. आळस त्यात आपण घुसवला.

एप्रिलमध्ये उर्राक, काजूची ती पहिल्या धारेची दारू, निघाला की मित्र बोलावतील. मी साधुसंत नाही, तुला उपदेश करणार नाही. पण झोप यावी म्हणून पिऊ नकोस. दारूने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री झोपेचे तुकडे होतात, सकाळी अंग आणखीनच जड. पुढच्या रात्री पुन्हा तेच औषध. आमच्या पाळीतली दोन चांगली माणसं या वाटेने गेली.

खाण्याचं फार मनावर घेऊ नकोस. मूग वगैरे ठीक आहे, पण तुझ्या घरी उकड्या तांदळाची पेज होते, तांबडी भाजी होते, बांगडा येतो. हे सोडून डबाबंद प्रोटीन पावडर कशाला? भाताची दुसरी वाढणी तेवढी थांबव. पोई घेशील तेव्हा मोडून बघ, काही ठिकाणी आत सगळा मैदा आणि कोंडा नुसता वरून भुरभुरलेला असतो. झालं.

मनाचं तू पत्रात शेवटी, कंसात लिहिलंस. ‘हल्ली कशातच रस वाटत नाही, बरं वाटलं की भजनाला येईन.’ ही ओळ मी तीनदा वाचली. बरं वाटलं की येईन, यात उलटी गाठ आहे. आपल्याच गोव्यात, १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मोठ्या नैराश्याने खचलेल्या माणसांवर एक प्रयोग झाला. २०१७ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. औषध देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक होते. त्यांच्या सहा ते आठ बैठका. मन केव्हा उभारी घेईल याची वाट न बघता, पूर्वी आवडायचं ते काम थोडंथोडं पुन्हा सुरू करायचं, हा त्यातला गाभा. तीन महिन्यांनी या लोकांपैकी ६४ टक्के सावरले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के. तेव्हा रस नसला तरी ये. मागे बस, गाऊ नकोस, झांज हातात धर.

आणि ये म्हटलं तरी पाय उचलतच नसेल, दोन आठवडे असंच चाललं असेल, जगणं नकोसं वाटण्याचा विचार एकदा जरी आला असेल, तर मला लाजू नकोस. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे, तो लाव. किंवा मी तुझ्याबरोबर बांबोळीला येतो, तिथे मनाच्या आजारांचं वेगळं सरकारी इस्पितळच आहे. मधुमेहाला गोळी घेताना मी लाजलो नाही, यात काय लाजायचं?

ध्यानाचं कलम मी खोडलं, ते का, तेही सांगतो. डोळे मिटून वीस मिनिटं गप्प बसणं तुला जमणार नाही, मलाही जमत नाही. पाचव्या मिनिटाला वीजबिल आठवतं. पण सोमवारी भजनाला बसलो की तास कुठे जातो कळत नाही. बुवा आम्हाला एकच गोष्ट सारखी सांगतात, ओळ एका दमात संपवा, मधे श्वास चोरू नका. ओळ लांब, म्हणजे श्वास सावकाश सुटतो. मग बाकीचे तीच ओळ धरतात तोवर तुम्ही छाती भरून घ्यायची. दोन-तीन अभंग झाले की खांदे आपोआप खाली येतात. माझ्या शेजारच्या ख्रिस्ती घरात संध्याकाळी तेर्स म्हणतात. घरची म्हातारी पुढचं म्हणते, बाकीचे मागचं उचलतात, एका लयीत, जपमाळेचा एकेक मणी सरकवत. कितीतरी वर्षं मी व्हरांड्यात बसून ते ऐकत आलो आणि मला वाटे, आमच्या भजनाचाच हा चुलत भाऊ. मग एका डॉक्टर मित्राने सांगितलं की इटलीत २३ माणसांवर याचा अभ्यास झालाय, २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलाय. लॅटिनमधली जपमाळ आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. एरवी आपण मिनिटाला बारा-पंधरा घेतो. देव आहे की नाही हा वाद तू मागच्या चतुर्थीला माझ्याशी घातलास, तो अजून संपलेला नाही, पण त्यासाठी भजन अडवून धरायचं कारण नाही.

हो, पावसाचं राहिलं. जून लागला की फाट्यावरचा रस्ता ओढा होतो. तेव्हा बसमधून देवळापाशी उतर. नागेशीच्या सभामंडपात छताखाली रामायणातले प्रसंग लाकडात कोरलेली पट्टी आहे, ती बघत बघत प्रदक्षिणा घाल. मी गेल्या पावसाळ्यात तसंच केलं. आठवड्याला एक प्रसंग नीट बघायचो.

तुझ्या आईला स्कूटरचं मीच सांगतो, तुला धीर होणार नाही. सोमवारी तुझी पहिली पाळी आहे ना? म्हणजे तीनला सुटशील. दोन तास झोप आणि साडेसातला ये. झांज आणू नकोस, आमच्याकडे एक जोडी जादा आहे. तिची एक दोरी तुटलीय, तेवढी येताना बाजारातून घेऊन ये, सुती बघून घे, नायलॉन बोटाला कापते.

तुझा,
काका